अकरा तुर्झेलाक

१

आमच्या गावच्या मेयरचं ऑफिस मंगळवारी आणि शुक्रवारी उघडं असतं, सकाळी नऊ ते बारा. गाव दोनशे चौदा माणसांचं, त्याला आठवड्याचे सहा तास पुरून उरतात. सव्वीस वर्षं त्या ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे. आधी हीटर लावायचा, मग कॉफी, मग टपाल फोडायचं. मेयरसाहेब गाईंच्या धारा काढून सवड मिळाली तर साडेअकराला डोकावतात आणि मी पुढे केलेल्या कागदांवर सह्या करून जातात.

टपालात एका जातीची चिठ्ठी नेहमी असते. आमच्या गावात जन्मलेला माणूस दुसऱ्या कुठल्या गावी मेला, की ते गाव आम्हाला कळवतं. मग मी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडायचं, त्या सालचं जन्माचं रजिस्टर काढायचं, त्या माणसाचं पान शोधायचं आणि समासात हाताने लिहायचं: अमुक ठिकाणी, अमुक तारखेला मृत्यू. लग्नसुद्धा तिथेच, घटस्फोटही तिथेच. माणूस कुठेही मरो, हिशेब त्याच्या जन्माच्या पानावरच मिटतो. मला हे काम आवडायचं. जगात निदान एक गोष्ट तरी जागच्या जागी लागते, असं वाटायचं.

गेल्या नोव्हेंबरात समुद्रकाठच्या एका गावाकडून चिठ्ठी आली. ओदेत तुर्झेलाक, जन्म १९४७, मृत्यू चौदा ऑक्टोबर. पाकीट मी तेव्हाच, माझ्या हाताने फोडलं. रजिस्टर काढलं, पान उघडलं, तर समासात नोंद केलेली होती. तारीख बरोबर, गाव बरोबर, वर चिठ्ठीत नसलेली वेळही: दहा सतरा. अक्षर माझं. सातच्या आकड्याला आडवी रेघ मारायची माझी सवय, तीही होती. मी बोट फिरवलं तर शाई बोटाला लागली.

माझी आई बासष्टाव्या वर्षी माणसं विसरायला लागली होती आणि मला एकसष्टावं चालू होतं. तेव्हा पहिली भीती वाटली ती हीच. मी चिठ्ठी फाइलला लावली, बोट पुसलं आणि कोणाला काही बोलले नाही.

२

तुर्झेलाक हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. कागदोपत्री मी अजून माहेरचीच, आमच्याकडे तशीच पद्धत आहे, पण गावात मला सगळे मादाम तुर्झेलाकच म्हणतात. रेजिसला या नावाची भारी मिजास. जेवणाच्या खोलीत त्याने फ्रान्सचा नकाशा लावून ठेवलाय, सगळा पांढरा आणि मधे आमचा एवढासा जिल्हा लाल. आल्यागेल्याला दाखवायचा. "अख्ख्या देशात आम्ही अकरा! मंत्री याच्यापेक्षा जास्त आहेत."

"माकडंही जास्त आहेत," मी म्हणायची.

"तुला जळायला होतं. तुझ्या आडनावाची माणसं टेलिफोनच्या पुस्तकात तीन पानं भरून आहेत."

हा अकराचा आकडा त्याला पुरवला होता मस्यू प्राडेरोल यांनी. हे जिल्ह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दर मंगळवारी मागच्या खोलीत बसून जुनी रजिस्टरं चाळायचे आणि गावातल्या आडनावांचे तक्ते करायचे: कोणतं नाव कुठून आलं, कधी किती माणसांचं होतं. निरुपद्रवी माणूस. येताना खिशातून दोन अक्रोड आणून माझ्या टेबलावर ठेवायचा.

डिसेंबरात एका मंगळवारी ते अक्रोड न ठेवताच आत गेले. अकरा वाजता बाहेर आले, टोपी हातात.

"मादाम, एक विचारतो, हसू नका. १८७२ साली तुर्झेलाक किती होते, माहीत आहे? अकरा. १९११ ला? अकरा. १९३६ ला, १९७५ ला, आजही. मी दर वर्षाचा हिशेब काढला. देशभरातल्या मित्रांकडून नोंदी मागवल्या. एक जन्म लागला की त्याच दिवशी एक मरण. तास-अर्ध्या तासात."

"योगायोग असेल," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं मी योगायोगच शिकवला. तो असा वागत नाही." ते खुर्चीत बसले. "आणि जन्म झाल्याबरोबर नाही हं. मूल एका तारखेला जन्मतं, बाप दोन-तीन दिवसांनी नोंदवायला जातो. मरण त्या नोंदवण्याच्या दिवशीचं. गेल्या चौदा ऑक्टोबरला उत्तरेत एक मुलगा नोंदवला गेलाय. तुर्झेलाक."

चौदा ऑक्टोबर. मला बोटाला लागलेली शाई आठवली.

"बरं, हे नाव मुळात आलं कुठून, तेही सापडेना," ते म्हणाले. "१७०९ च्या आधी या नावाचा एक माणूस नाही. त्या वर्षीच्या मोठ्या थंडीत, एका दिवशी, पाद्र्याने अकरा बाप्तिस्मे लिहिलेत. तान्ह्या मुलापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत. सत्तरीच्या माणसाचा बाप्तिस्मा, मादाम! कुठले विचाराल, तर एवढंच लिहिलंय: वरून आले."

आमच्या गावाच्या वर नुसतं पठार आहे. वारा आणि गवत. घर कधीच नव्हतं.

त्यानंतर प्राडेरोल आले नाहीत. दुकानात भेटले तर म्हणाले, दम लागतो हल्ली. माझ्या डोळ्याला डोळा मात्र त्यांनी दिला नाही.

३

मी समजूतदार बाई आहे. घरी जाऊन भाजी चिरली आणि स्वतःला सांगितलं, लहान आकड्यांचे असे खेळ होतात.

पण चिरता चिरता लिल्याँचा जन्म आठवला. आमचा एकुलता एक. ऑरियाकच्या इस्पितळात झाला, मे महिन्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी रेजिस खाली नोंदणीच्या खिडकीत गेला आणि नाव लावून आला. दुपारी गावाकडून फोन आला: सासरे गेले. सूप पिता पिता. चमचा हातातच होता म्हणे.

"तुझे बाबा किती वाजता गेले होते रे?" मी रात्रीच्या जेवणाला रेजिसला विचारलं.

"कुठे आता ते! साडेबारा असतील. का?"

"आणि लिल्याँचं नाव तू किती वाजता लावलंस?"

"बारा वाजता खिडकी बंद होते, त्याच्या जरा आधी. झालंय काय तुला? बाबा ब्याऐंशीचे होते, दिवसाला दोन पाकिटं ओढायचे. आश्चर्य ते गेले याचं नाही, टिकले याचं."

हे सगळं खरंच होतं. आणि लिल्याँची माएलिस तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. दोघांचं लग्न झालं नव्हतं, आजकाल कोण करतं. पण लिल्याँने सप्टेंबरातच शहरात जाऊन बापपणाचा कागद करून टाकला होता. म्हणजे मुलाला त्याचंच नाव लागणार. बदलायचं तर दोघांनी मिळून सही करावी लागते.

४

माएलिस फेब्रुवारीत चार दिवस विश्रांतीला आमच्याकडे आली आणि बर्फात अडकली. लिल्याँ विजेच्या कंपनीत तारा दुरुस्त करतो. अर्ध्या जिल्ह्याचे खांब आडवे झाले होते, त्याला कोण सोडणार! रविवारी पहाटे तिला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी. अँब्युलन्स घाटाच्या पायथ्याशी अडली. शेवटी रेजिसने ट्रॅक्टर काढून शेजारच्या गावची म्हातारी नर्स आणली. माणसाने आयुष्यभर गाईंची वासरं ओढून काढलीत, तो घाबरला नाही. घाबरले मी.

मुलगी झाली. आपोलीन. पाच पौंडांची, पण आवाज खणखणीत. रेजिस स्वयंपाकघरात उभा राहून रडला आणि मग नकाशापाशी जाऊन म्हणाला, "आता बारा!"



आमच्याकडे जन्म पाच दिवसांत नोंदवावा लागतो, जिथे झाला त्या गावी. चाळीस वर्षांत आमच्या गावात एक बाळंतपण झालं नव्हतं. रजिस्टर माझ्या कपाटात, पेन माझ्या हातात. बाप येऊ शकत नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेला कोणीही माणूस नोंद देऊ शकतो. म्हणजे रेजिस.

५

मंगळवारी मी एकटी ऑफिसला गेले. रेजिसला सांगितलं, मेयरसाहेब नाहीत, त्यांच्या सहीशिवाय होत नाही. हे खोटं होतं. सहीचा अधिकार मला कधीचा दिलेला आहे.

दार लावून घेतलं आणि १९५८ चं रजिस्टर काढलं. रेजिस गावात, घरीच जन्मलाय, त्याचं पान माझ्याकडे आहे. अकरापैकी चौघांची पानं माझ्याकडे आहेत. बाकी तिघांची आधी पाहिली: कोरे समास, जुनी शाई. मग रेजिसचं.

समासात आमच्या लग्नाची नोंद होती. तिच्याखाली दोन बोटं जागा सोडून कागद ओला होता. त्या ओलीत एक शब्द वर आला होता, पूर्ण न उठलेला, तरी वाचता येणारा. मृत्यू. पुढे तारखेची जागा मोकळी.

मी रजिस्टर मिटलं, कपाटाला कुलूप घातलं आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. छतातून गळत असेल, मी स्वतःला म्हटलं. मान वर करून पाहिलं. छत खडखडीत कोरडं होतं. मग मागच्या खोलीतून आवाज आला. जुन्या पद्धतीची टोकदार निब कागदावर चालते ना, तसा. कुर्र, कुर्र, थांबून पुन्हा कुर्र. मी तशी निब वापरते. ती या क्षणी माझ्यासमोर दौतीशेजारी पडली होती.

सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, चौकात कोणीतरी फावड्याने बर्फ सारत होतं. मी कोट न घालता बाहेर पडले.

६

माएलिस पलंगावर बाळाला पाजत होती. मी तिच्या पायाशी बसले.

"पोरी, हिला तुझं नाव लावलं तर? आपोलीन रुकेत. किती गोड वाटतं!"

तिने मान वर केली. "ते माझ्या बापाचं नाव आहे, गिस्लेन. मी चार वर्षांची असताना सिगारेट आणायला गेला तो अजून आणतोय. त्याचं नाव माझ्या मुलीला? मेले तरी नाही."

"असं बोलू नकोस गं."

"मग तुम्ही असलं विचारू नका. तुमच्या घराचं नाव तिला हवंय मला. आहे तरी कोणाकडे!"

लिल्याँचा फोन लागला तो मोठ्या मिनतवारीने. मागे वारा घोंगावत होता.

"आई, मी खांबावर आहे!"

"खाली उतर आणि ऐक. तू आणि माएलिसने एक कागद..."

"काय? ऐकू येत नाही. नाव लावा ना, बाबांना सांग. मी शनिवारी येतो. आई, लटकलोय मी इथे!"

तो खांबावर लटकलेला. तोही अकरातलाच. मी फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी मी रेजिसला सगळं सांगितलं. ओदेत, प्राडेरोल, सासरे, ओलं पान. तो पावाने ताटली पुसत होता. ऐकता ऐकता थांबला.

"डॉक्टरकडे जाऊ या का, गिस्लेन?" तो मऊ आवाजात म्हणाला. ते मऊपण मला सहन झालं नाही.

"मी वेडी नाही!"

"तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. मी रागावत नाही. सोमवारी जाऊ." मग त्याने माझा हात धरला. "आणि समज, तू म्हणतेस ते खरं आहे. कोणाला तरी जायचंय. माझं पान ओलं आहे ना, लिल्याँचं तर नाही? मग लिही. पासष्टी उलटली, नात पाहिली. मी तक्रार करणार नाही."

"मी करीन," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. "मी करीन ना, मूर्ख माणसा! तुझ्याशिवाय मी या बर्फात काय करू?"

त्याने मला जवळ घेतलं, पण खांद्यावरून तो नकाशाकडेच बघत होता.

७

शुक्रवार, शेवटचा दिवस. रेजिस लग्नाकार्याचा कोट घालून अकराला ऑफिसात आला. मी फॉर्म शोधण्यात, दौत भरण्यात अर्धा तास घालवला. तो गुणगुणत बसून राहिला. बारा वाजेपर्यंत नाव नाही लागलं, तर प्रकरण कोर्टात जातं. तिथेही बापाचंच नाव लागतं, फक्त मला न दिसता.

शेवटी मी लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता मला सुचलं. रेजिसचा चष्मा घरी राहिला होता. तो कधीच आणत नाही.

सव्वीस वर्षांत मी एक स्वल्पविराम खोटा टाकला नव्हता. त्या दिवशी मी शांतपणे, गोलाकार अक्षरात लिहिलं: आपोलीन रुकेत. हात अजिबात कापला नाही. पुढचं पुढे. माएलिस शिव्या देईल, मला तुरुंगात घालतील, घालू देत. हा माणूस संध्याकाळी घरी जेवायला असला की झालं.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. सही कर."

"आधी वाच ना. वाचून दाखवायचं असतं, तूच सांगतेस सगळ्यांना."

कायदाच आहे तसा. नोंद मोठ्याने वाचायची, मग सही. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि त्याला ऐकायचं होतं ते वाचलं. दिवस, वेळ, घर. "...मुलगी, आपोलीन तुर्झेलाक."

त्याच क्षणी मागच्या खोलीत निब चालायला लागली.

रेजिस खाली वाकून सही करत होता, माझ्या पेनाने. "कसला आवाज गं?"

"हीटर," मी म्हटलं.

त्याने माझ्या गालाची पापी घेतली. "पाव घेतो आणि येतो. आज दोन घेतो, जिवंत आहे म्हणून!" दार उघडलं, थंडी आत आली, दार लागलं.

मागच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. मी बसल्या जागेवरून मान वळवली. फटीतून टेबलाची कड दिसत होती आणि १९५८ चं उघडं रजिस्टर. त्यावर एक हात. निळ्या लोकरीची बाही, कोपरापाशी मी स्वतः रफू केलेली. माझ्या अंगातली तीच बाही मी दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसले होते. हाताने सात काढला, त्याला आडवी रेघ मारली, आणि फटीतून बाजूला झाला.

मी कशी उठले ते माहीत नाही. खोली रिकामी होती. कपाटाला कुलूप तसंच होतं. समासात आजची तारीख होती, सत्तावीस फेब्रुवारी, आणि वेळ: अकरा बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा शेहेचाळीस झाले होते.

८

मी तशीच धावले. चौकातला बर्फ तुडवून काळा आणि निसरडा झाला होता, मी दोनदा पडले. धावताना मला कळलं की मी काय केलं. लिहिण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लिहायचं काम कारकुनाचं, आणि कारकून कुठलाही चालतो. नाव मोठ्याने घ्यावं लागतं, साक्षीसमोर, आणि ते मी घेतलं होतं.

बेकरीत चौघं-पाचजण रांगेत होते. रेजिस सगळ्यांत पुढे, दोन पाव काखेत, बेकरीवाल्या बाईला सांगत होता, "बारा झालो! लाल रंग आता वाढवावा लागेल."

मी त्याचा दंड धरला. मला धाप लागली होती, गुडघ्यातून रक्त येत होतं.

"रेजिस, ऐक. मी रुकेत लिहिलंय. तुर्झेलाक नाही लिहिलं. वाचलं ते खोटं वाचलं. मुलीचं नाव रुकेत आहे. सगळे ऐका, आपोलीन रुकेत! रुकेत!"

मी ओरडत होते. वाचलेलं परत घेता येत असेल तर असंच घेता येईल, एवढंच डोक्यात होतं. रांगेतली माणसं मागे सरकली. रेजिस आधी हसला. मग माझा चेहरा त्याने नीट पाहिला आणि त्याचं हसू गेलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं, अगदी परक्या बाईकडे पाहावं तसं.

"माझी सही घेऊन?" तो म्हणाला. "गिस्लेन, माझी सही घेऊन तू..."

तुला वाचवायला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. माझ्या मुठीतला त्याचा दंड एकदम जड झाला.